पेढे वाटून झाल्यावर

२० ऑगस्ट

बियाणे कंपनीनं दुकानाला दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती. आजपासून मी हिच्यात लिहिणार आहे, कारण तोंडानं सांगायची सोय काल संपली. काल आमच्या घरचे पेढे वाटून झाले.

झालं असं. पंधरा ऑगस्टला शाळेत तिसरीच्या पोरांची कवायत घेत होते आणि छातीवर कुणीतरी गुडघा टेकवून बसल्यासारखं झालं. कळ पाठीत गेली, घामानं ब्लाउज ओला झाला. हेडमास्तरांनी खुर्ची दिली. सोमेश्वरनं दुकान तसंच उघडं टाकलं, गाडी काढली आणि थेट जालन्याला नेलं. तिथं मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या एकदम स्वच्छ आहेत, ब्लॉकेज कुठंच नाही. पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेत जाऊ नका. ठोके शांत ठेवायची एक गोळी दिली, ती रोज सकाळी घ्यायची.

सोमेश्वर माझा नवरा. तोंडावर मी अहो म्हणते, पण वहीत नावानं आणि एकेरीत लिहिणार, इथं कोण बघतंय. तर त्याला एवढा आनंद झाला की येताना पेढे घेतले आणि कुंभार पिंपळगावच्या स्टँडपासून आमच्या गल्लीपर्यंत वाटत आला. 'मास्तरीणबाईच्या नळ्या साफ हैत,' असं प्रत्येकाला सांगत होता. मी दहावी पास झाल्यासारखे लोक माझ्याकडं बघत होते. त्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, अंबडच्या मत्स्योदरी देवीला नवस बोलला होता. रिपोर्ट चांगला आला तर सून नवरात्रात पायऱ्या चढून खणानारळानं ओटी भरील. चढायचं मी, आणि मला कुणी विचारलंच नाही.

आज सकाळी भाकरी थापताना पुन्हा तसंच झालं. तीच जागा, तोच गुडघा. भिंतीला टेकून उभी राहिले, तोपर्यंत भाकरी करपली. सोमेश्वर ती करपलेली भाकरी खात म्हणाला, आता बरी आहेस ना. मी हो म्हणाले. पेढे खाल्लेल्या माणसांना दुसरं काय सांगायचं.

२५ ऑगस्ट

पहाटे कळेनंच जाग आली. काम करताना दुखलं तर समजू शकते, पण झोपेत, हात न हलवता का दुखावं? उठून बसले. श्वास घ्यायची भीती वाटत होती. डोक्यात नाही नाही ते आलं. वर्गात फळ्यासमोर पडले तर पोरं किती घाबरतील. माझ्या लेकीला, अर्पिताला, पुण्याहून यायला पाच तास लागतात, तोपर्यंत मला उचलायचं थांबतील का.

सोमेश्वरला उठवलं. गावातल्या डॉक्टरांनी दार उघडून हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. तोवर दुखणं पसार झालं होतं. पट्टी नॉर्मल. घरी येताना सोमेश्वर हसत म्हणाला, गॅस आहे, नळ्या साफ असलेल्या माणसानं भ्यायचं कामून? दुकानातून येताना ओव्याची पुडी घेऊन आला. त्याचं मन वाईट नाही. पण त्या हसण्यानं मला एकटं एकटं वाटलं.

आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बाईच्या छातीत दुखतच आसतं. मी कधी दवाखाना केला का?"

खरं आहे. सरकारी दवाखान्यातली बीपीची गोळी सोडली तर त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही.

एक गोष्ट मनात येते ती लिहून ठेवते. ही नवी गोळी सुरू केल्यापासून पहाटेचं दुखणं वाढलंय. जालन्याला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, डॉक्टरांनी दिलीय ना, चालू ठेवा.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्या जेवल्या. पुरण वाटता वाटता दोनदा ओटा धरून उभी राहिले. दरवर्षी पुरणाचा घाट आत्याबाईंच्या हातचा असतो. यंदा त्यांनी बिलकुल हात लावला नाही, भिंतीला पाठ लावून बसल्या आणि हुकूम सोडत होत्या. मी जरा टेकले की म्हणायच्या, आजकालच्या बायांत जीवच न्हाई.

गालात लवंग धरलेली होती. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, दाढ ठणकते. आता त्यांच्या तोंडात एक दात नाही, कवळी वाटीत पाण्यात पडलेली. सणाला आलेल्या अर्पिताला मी हळूच म्हणाले, आजीच्या हिरड्यांना दाढेची आठवण येत असेल. दोघी इतक्या हसलो की मला कळ आली आणि हसणं थांबवावं लागलं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला निघालो. आत्याबाईंना गप्पांची भारी हौस. दर दोन घरांना थांबायचं, ओट्याला हात टेकायचा, नातवंडांची चौकशी करायची, मग पुढं. एरवी मी वैतागले असते. पण मलाच थांबायला निमित्त हवं होतं.

अर्पितानं मला ओटा धरताना पाहिलं होतं. रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, आई, खरं सांग. मी सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणापुढं रडले. ती म्हणाली की नळ्या स्वच्छ असूनही बायकांच्या हृदयात दुखू शकतं, संभाजीनगरला एक डॉक्टर मॅडम हेच बघतात, मी नंबर काढते. हृदयात, असं ती म्हणाली. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी जास्तच भ्याले.

२२ सप्टेंबर

आज जे लिहिणार आहे ते अर्पितालाही सांगितलेलं नाही.

माझ्या गोळ्या लवकर संपतायत. ठोक्यांची गोळी मी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात ठेवते, रोज एक घेते. तरी पाकीट महिनाभर पुरत नाही. म्हणजे मी घेतलेली विसरून पुन्हा घेत असणार. म्हणून आठवड्यापासून गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करते. काल बघितलं तर खुणा कमी आणि पाकिटातल्या रिकाम्या झालेल्या जागा जास्त. खूण करायचंही विसरते की काय? माझ्या आईनं शेवटी मला ओळखलं नव्हतं. छातीचं एक वेळ परवडलं, पण डोकं गेलं तर मी मीच राहणार नाही.

संभाजीनगरचा विषय काढला तर सोमेश्वर भडकला. म्हणाला, सगळ्या गावाला साफ म्हणून सांगितलं, आता परत कोणत्या तोंडानं नेऊ? नंतर बराच वेळ दुकानाच्या किल्ल्या हातात खेळवत बसला होता. आत्याबाईंचं म्हणणं वेगळंच. आधी नवस फेडायचा, मग कुठं जायचं तिथं जा. नवस फेडायच्या आत दुसऱ्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे देवीनं दिलं ते खोटं म्हणणं. हे बोलता बोलता त्या उठायला गेल्या आणि भिंत धरून थांबल्या. आजकाल दिवसाही झोपतात. वय झालं त्यांचं, त्यांच्याशी काय वाद घालायचा.

नवरात्रात डोंगर चढायचा हे ठरलं. मला त्या पायऱ्या आतापासून दिसतात.

६ ऑक्टोबर

अंबडला जाऊन आलो.

गर्दी खूप होती. सोमेश्वर नारळाची पिशवी घेऊन पुढं निघून गेला. मी आणि आत्याबाई मागं. निम्म्या पायऱ्या व्हायच्या आत गुडघा छातीवर बसला. मी मनात मोजत होते, अजून दहा, अजून दहा, पण डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं. इथं पडले तर माझ्या अंगावरून माणसं जातील, असं वाटलं. कठड्याला धरून खाली बसले. आता आत्याबाई काय काय ऐकवतील या भीतीनं त्यांच्याकडं बघितलं, तर त्या माझ्याही खालच्या पायरीवर बसलेल्या. ओठ काळपट पडले होते, कपाळावर घामाचे थेंब होते. ऊन फार होतं.

त्यांनी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बस. देवीला खालून बी दिसतं."

माझा कानांवर विश्वास बसेना. त्यांनी पिशवीतला खण माझ्या हातात दिला आणि डोंगराकडं तोंड करून मला हात जोडायला लावले. सोमेश्वर परत आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "ओटी तू नेऊन दे वर. आन् हिला त्या डॉक्टरीणबाईकडं ने. जल्दी ने."

तो म्हणाला, माय, पण नवस. त्या म्हणाल्या, "नवस मी बोलले व्हते. देवीशी माझं मी बघते."

म्हातारीनं माझा चेहरा बघितला असेल, म्हणून दया आली. इतकी वर्षं या घरात आहे, आज पहिल्यांदा त्या माझ्या बाजूनं बोलल्या.

१५ ऑक्टोबर

डॉक्टर संध्या मॅडमना भेटलो. माझ्यापेक्षा वयानं लहानच. आत्याबाई हट्टानं सोबत आल्या, आणि बाहेर बसायला सांगितलं तरी आत येऊन बसल्या.

मॅडमनी आधी रिपोर्ट उघडलाच नाही. म्हणाल्या, मला तुमचं दुखणं तुमच्या शब्दांत सांगा. कधी येतं, कुठं जातं, पहाटे येतं का, चढताना येतं का, रागात येतं का, बाळंतपणात बीपी वाढलं होतं का. इतके प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते. पण मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई उत्तरं देऊन राह्यल्या होत्या. चढ चढताना येतं, थांबलं की जातं. गार पाण्यानं आंघोळ केली की येतं. जबड्यात येतं. काहीच्या काही. मला गार पाण्यानं कधी होत नाही, जबड्यात तर कधीच नाही. माझं बहुतेक झोपेत होतं.

मॅडमनी विचारलं, आजी, हे तुम्हाला कसं माहीत? आत्याबाई म्हणाल्या, सून हाय माझी, मला दिसत न्हाई का. मॅडम हसल्या, पण त्यांच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, सासूबाईंनाही एकदा तपासून घ्या. आत्याबाईंनी हात झटकला. मी धट्टीकट्टी हाय, म्हणाल्या.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. अँजिओग्राफीत मोठ्या नळ्या दिसतात, आणि त्या त्या घडीला कशा आहेत तेवढंच दिसतं. काही बायकांच्या नळ्या एरवी साफ असतात, पण मधेच आवळतात. काहींच्या अगदी बारीक नळ्या, ज्या चित्रात येतच नाहीत, त्या गरजेला उघडत नाहीत. दुखणं सारखंच वाटतं, औषध वेगळं लागतं. तुमचं कोणतं ते बघायला पुन्हा आत जावं लागेल, आणि औषध घालून नळी आवळते का ते मुद्दाम बघावं लागेल.

म्हणजे ते दुखणं मुद्दाम आणणार. सही करताना सोमेश्वरचा हात अडखळला. मी त्याच्या आधी केली.

२३ ऑक्टोबर

जिवंत आहे. दवाखान्यातल्या खाटेवर बसून लिहितेय.

टेबलावर झोपवलं, हात बांधल्यासारखा ठेवला, मॅडम म्हणाल्या, आता औषध घालतेय, काही झालं की लगेच सांगा. थोड्या वेळात तो आला. तोच गुडघा, तीच जागा, पाठीतली तीच कळ. आयुष्यात इतकी कधी भ्याले नव्हते. मॅडम पडद्याकडं बघत म्हणाल्या, "हेच का तुमचं दुखणं?"

मी म्हणाले, हेच.

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या. लगेच दुसरं औषध घातलं आणि गुडघा उठला. मला हुंदका आला. सिस्टरला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. दोन महिने सगळे म्हणत होते की काही नाही, आणि एका बाईनं ते डोळ्यांनी बघितलं.

माझ्या नळ्या आवळतात. जालन्याहून दिलेली ठोक्यांची गोळी या आजारात उलटी पडू शकते, पहाटेचं वाढलं ते त्यानंच असेल, असं मॅडम म्हणाल्या. ती आजपासून बंद. नळ्या सैल ठेवायची वेगळी गोळी दिली, आणि कळ आली तर बसून जिभेखाली मारायचा फवारा. निघताना म्हणाल्या, हे औषध तुमच्या मापाचं आहे, ब्लाउज शिवतात तसं. दुसऱ्या कुणाला देऊ नका आणि दुसऱ्याचं घेऊ नका. जुन्या गोळ्या घरात ठेवू नका.

सोमेश्वर खाली मान घालून ऐकत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मला वाटलं, मी साफ साफ म्हणत राह्यलो तर खरंच साफ राहील." त्याचे डोळे भरले होते. मला तेव्हा कळलं की पेढे वाटणारा माणूस सगळ्यात जास्त भ्यालेला होता.

२६ ऑक्टोबर

काल घरी आले. पहिलं काम म्हणून जुन्या गोळ्या टाकायला डबा उघडला तर डबा रिकामा. जाताना मी त्यात भरलेली पाकिटं ठेवली होती. मी दवाखान्यात असताना मी कशी घेणार? म्हणजे डोकं ठिकाणावर आहे माझं. एवढा आनंद झाला की पुढचा प्रश्न सुचायला थोडा वेळ गेला. मग घेतल्या कुणी?

तेवढ्यात न्हाणीजवळ तांब्या पडल्याचा आवाज आला. आत्याबाई दाराशी बसल्या होत्या, पांढऱ्याफटक, हाताला गार. सोमेश्वरनं नाडी बघितली आणि म्हणाला, लागतच न्हाई बराबर. त्यांना उचलताना कमरेची चंची सुटून पडली. सुपारी, लवंगा आणि माझ्या गोळ्यांची पाकिटं, सगळी जवळजवळ रिकामी.

जालन्यापर्यंत गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्या छातीत कळ आली, फवारा मारला, गेली. हा रस्ता संपतच नव्हता.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. नाडी फार हळू चालली होती, त्यावर त्यांनी उपचार सुरू केले. मी गोळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, चुकून घेतल्या असतील, म्हाताऱ्या माणसांचं होतं असं, गोळीचा असर उतरला की घरी न्या. मग आत्याबाईंना विचारलं, आजी, छातीत दुखतं का?

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "चाललं की दाढ तेवढी दुखती."

डॉक्टर मान डोलवून पुढच्या खाटेकडं वळले. मी त्यांची बाही धरली.

"डॉक्टर, यांच्या तोंडात एकही दात नाही."

बोलले आणि ते मलाच ऐकू आलं. लवंग. दर दोन घरांना टेकलेला हात. पुरणाला न लावलेला हात. पायरीवरचे काळपट ओठ. मॅडमपुढं दिलेली ती चुकीची उत्तरं, जी माझ्याबद्दल नव्हतीच. मी दोन महिने माझ्या छातीवर कान लावून बसले होते आणि शेजारी ही बाई गुपचूप मरत होती.

डॉक्टर परत फिरले. पट्टी काढली, रक्त पाठवलं, मोठ्या डॉक्टरांना फोन केला.

२७ ऑक्टोबर

आत्याबाई शुद्धीवर आहेत, नाडी सुधारलीय. सकाळी त्यांच्याजवळ बसायला मिळालं. गोळ्या का घेतल्या विचारलं. म्हणाल्या, "देवीनं तुला बरं केलं, मंग तू कशाला खायच्या त्या? म्हणलं वाया जातील. घेतली तर चालता येऊ लागलं. मंग एकाच्या दोन केल्या."

संध्या मॅडमना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होऊ शकतं. जी गोळी तुम्हाला नडत होती तीच त्यांच्या दुखण्याला बरी पडत असेल, पण त्यांचं माप कुणी घेतलंच नाही ना. आता घ्यायला लावा. अँजिओग्राफीवर थांबू देऊ नका.

मी आत्याबाईंना विचारलं, असं कधीपासून दुखतंय. त्या छताकडं बघत म्हणाल्या,

"लई वर्सं झाले. तुझे सासरे व्हते तवापासून." मग माझ्याकडं वळल्या. "मला वाटलं समद्याच बायांला दुखतं. तूच लई बोभाटा करती म्हणून तुझा राग यायचा."

मी त्यांचा हात धरून बसले.

उद्या त्यांची अँजिओग्राफी आहे. सोमेश्वर बाहेर बाकड्यावर बसलाय, नवस बोलू का म्हणून विचारत होता. मी नको म्हणाले. देवीकडं काय मागावं तेच मला कळत नाहीये. नळ्यांत काही निघालं तर भीती आहेच. पण स्वच्छ निघाल्या तर हे लोक त्यांना घरी पाठवतील, आणि त्या पुन्हा लवंग धरतील, याची मला जास्त भीती वाटते. रिपोर्ट कसाही आला तरी पेढे आणायचे नाहीत, एवढं मी सोमेश्वरला सांगून ठेवलंय.